मीठ राहिलं

आजीने गाजर किसलं, किस रुमालात बांधून पिळला, फेटलेल्या अंड्यात मिसळला आणि तव्यावर असा बेमालूम परतला की तिला स्वतःलाच तो शोधून सापडला नसता. वर मिरपूड भुरभुरली. कडा दुमडल्या. ताटली मुंगीपुढे ठेवली आणि तिच्याकडे न बघता, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पावाला लोणी लावायला घेतलं.

मुंगीने काट्याच्या टोकाने अंड्याची कड उचलून बघितली.

"आजी, आत काय आहे?"

"अंड्यात काय असणार? अंडंच."

सात वर्षांची मुलगी, पण हात कसा स्थिर. तिने अंडं उलगडलं आणि एकेक केशरी धागा ओढून ताटलीच्या काठाला ओळीने लावायला सुरुवात केली. तिची आई दुरुस्तीसाठी घड्याळ उघडायची तेव्हा स्क्रू असेच लावून ठेवायची, निघाले त्या क्रमाने, म्हणजे परत बसवताना घोळ होत नाही. दहा मिनिटांत अंडं पूर्ण उघडून झालं. मग मुंगीने त्यातले थंडगार दोन घास खाल्ले आणि हात पुसले.

"हे राहिलं," आजी म्हणाली.

"हो," मुंगी म्हणाली आणि दप्तर भरायला गेली.

आजी त्या केशरी ओळीकडे बघत राहिली. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या पोरांना भाज्या खायला घातल्या होत्या. बालवाडीच्या जेवणघरातल्या ‘मोठ्या बाई’ म्हणजे तीच. रडणारी, थुंकणारी, घास गालात धरून झोपी जाणारी, मटार नाकात घालणारी, सगळ्या तऱ्हेची पोरं तिच्या हाताखालून गेली होती. तिथे तिचा एकच नियम होता. जेवण झालं की ताट उभं धरून दाखवायचं. "ताट दाखव," मोठ्या बाई म्हणायच्या. त्यातून काही घरंगळलं तर पुन्हा बसायचं. पोरांच्या आया तिला रस्त्यात गाठून विचारायच्या, अहो, तुम्ही करता तरी काय? आजी सांगायची, काही नाही, मी फक्त बघत बसते. हे अगदी खरं होतं. तिच्या नजरेपुढे भल्याभल्यांनी पालक गिळला होता.

आणि मुंगी तर त्या नजरेची सगळ्यात मोठी कमाई. अडीच वर्षांची असताना एकदा तिने भोपळ्याला तोंड लावलं नाही, तेव्हा आजीने तिला दुपारी चारपर्यंत त्या ताटापुढे बसवून ठेवलं होतं. सून कामावरून आली तेव्हाही पोर तिथेच, भोपळा तिथेच, आजीही तिथेच. सून मुलीला उचलून घेऊन आत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून मुंगी सगळं खायला लागली. भोपळा, दोडका, कोबी, घेवडा, म्हणाल ते. जेवण झालं की न सांगता ताट उभं धरून दाखवायची. आजी ही गोष्ट ज्याला त्याला सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "एकदाच बसवावं लागतं. जन्माचं काम होतं."

तीन महिन्यांपूर्वी सून गेली. चार दिवसांचा ताप आला आणि पाचव्या दिवशी तिची खुर्ची रिकामी. त्या दिवसापासून मुंगीने भाजीला शिवणं सोडलं.

डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, ते कुठेतरी निघणारच, थोडा वेळ द्या. आजीने आठवडाभर वेळ दिला आणि मग कंबर कसली. दुधी पावाच्या पिठात घातला, पालक भाताखाली पुरला, बीट वाटून त्याला जॅम म्हटलं. परिणाम एवढाच झाला की मुंगीचा घरातल्या सगळ्याच अन्नावरचा विश्वास उडाला. आता ती पावसुद्धा फोडून उजेडात धरून बघायची. फ्रॉकचे पट्टे खांद्यावरून घसरायला लागले.

त्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे सुनेची धाकटी बहीण, रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर राहणारी, दोन मुलांची आई.

"काकू, रागावू नका हं. पण ताई होती तेव्हा सगळं खायची ना? तुम्हीच सांगायचात की सगळ्यांना."

"खायची तर. ताट पुसून."

"मग आता का नाही? तिला आईची उणीव भासतेय. तुम्ही कमी करता असं नाही म्हणत मी. पण माझी दोघं आहेत, त्यांच्यात बसून चार घास जातील. पाव्हण्यांशी बोललेय मी."

पाव्हणे म्हणजे आजीचा मुलगा. तो दूर पुलांच्या कामावर असायचा आणि पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. त्याने सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "आई, मावशी म्हणते ते काही चुकीचं नाही."

"रविवारी मी येते," मावशी म्हणाली. "नीट जेवत असेल तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर घेऊन जाते, काकू. शाळेचंही बघून ठेवलंय."

आजीने फोन ठेवला. मग मुंगीचे वाळलेले मोजे घड्या घालायला घेतले. घालून झाल्यावर उलगडले आणि परत घातले.

*

संध्याकाळी टेबल मांडताना आजीने मिठाची बरणी अगदी आठवणीने मधोमध ठेवली. गरम भांडं घेऊन आली, बसली, बघते तर बरणी नाही. बोळ ओलांडून स्वयंपाकघरात गेली. बरणी आपली फळीवर, जागच्या जागी.

त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. आजी मनात म्हणाली, घ्या, सुनेचा विसरभोळेपणा शेवटी सासूच्या वाट्याला आला.

कारण सुनेत खोट काढायची म्हटली तर ती एवढीच होती. ती मीठ टेबलावर ठेवायला विसरायची. वर स्वयंपाकही हात राखून, जरा अळणीच करायची. रोज सगळे बसले, पहिला घास घेतला, की आजी म्हणायची, "मीठ राहिलं." सून अर्धवट उठत म्हणायची, "आणते हं." आणि आजी म्हणायची, "बस तू. तुझ्या भरवशावर राहिले तर अळणीच खाऊन मरेन." एकदा हट्टाने तिलाच पाठवलं तर बाई साखरेची बरणी घेऊन आली. शेवटी उठणं आजीच्याच नशिबी.

सून ज्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायची तिथले मालक ती गेल्यावर भेटायला आले होते, तेव्हा चहाच्या कपाकडे बघत म्हणाले होते, "बारा वर्षांत एक स्क्रू हरवला नाही हो तिने. चिठ्ठी न बघता सांगायची, कुणाचं घड्याळ कुठल्या खणात आहे ते." आजीच्या जिभेवर आलं होतं, एकदा जेवायला यायचं होतंत, मग कळलं असतं. ती ते गिळून बसली होती. कारण ताप चढायच्या आदल्या दिवशी तिने शेजारणीसमोर सुनेला ऐकवलं होतं, "साऱ्या गावाची वेळ लावते, पण घरात चिमूटभर मीठ काही हिच्या लक्षात राहत नाही." सून हसली होती. मुंगीकडे बघून हसली होती, आणि मुंगीही हसली होती. सुनेशी तिचं शेवटचं धड बोलणं ते तेवढंच.

शुक्रवारी आजी मागच्या पडवीत हात पुसत उभी होती. खिडकीतून सहज आत नजर गेली. मुंगीने टेबलावरची बरणी दोन्ही हातांनी उचलली, पोटाशी धरली, बोळातून स्वयंपाकघरात आली, स्टूल ओढलं, वर चढली आणि बरणी फळीवर ठेवली. जरा मागे होऊन बघितलं. मग बरणीचा कान धरून ती थोडी भिंतीकडे फिरवली, नेहमी असायची तशी.

आजीने रुमाल दोरीवर टाकला. आत आली, जेवायला बसली, घेवड्याचा एक घास घेतला.

"मीठ राहिलं," ती म्हणाली.

मुंगीने मान वर केली नाही. "हो," म्हणाली.

आजी उठली. बोळात शिरली आणि तिथेच, दाराच्या फटीशी, उभी राहिली.

मुंगीने आपलं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच, आवाज होऊ न देता, डावीकडे सरकवलं. रिकाम्या खुर्चीसमोर. हात मांडीवर ठेवून ती त्या ताटाकडे बघत बसली. ओठ हलत होते. काहीतरी मोजत होती. थोड्या वेळाने थांबली. ताटात घेवडा होता तेवढाच होता. मग तिने ताट परत आपल्यापुढे ओढून घेतलं.

आजीने भिंतीला हात टेकला. मीठ न घेताच परत आली. आपल्या खुर्चीत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला लहान मुलाच्या ताटाकडे बघवेना.

"रोज?" तिने विचारलं.

"काय?"

"आई रोज खायची तुझी भाजी?"

मुंगीने घेवड्याचा एक तुकडा काट्याने उलटा केला, परत सुलटा केला.

"सांगायचं नाही असं ठरलंय आमचं."

"कुणाला?"

"तुलाच."

आजीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"तिला आवडायच्या का भाज्या?"

"छे! घेवडा तर अजिबात नाही. श्वास धरून खायची." मुंगीने नाक चिमटीत धरून दाखवलं. आणि बोलून गेल्यावर तिला वाटलं असावं की आता उरलेलंही सांगायला हरकत नाही, कारण ती खुर्चीत जरा पुढे सरकली. "तुला मीठ आणायला सत्तावीस आकडे लागतात. आईने मोजले होते. सत्तावीसमध्ये सगळं संपवायचं. पण तुझा गुडघा दुखत असला ना, की चाळीस लागायचे. मग ती आरामात खायची."

"असं का."

"आणि मग म्हणायची, आज चाळीस झाले, आजीचा गुडघा धरलाय. जा, तिच्या उशाशी मलम ठेवून ये."

ते मलम आजीला उशाशी दिसायचं. मुलाला कळतं हो आईचं दुखणं, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. आणि तो मुलगा तर दूर पुलांच्या कामावर असायचा.

सून स्वतःच्या ताटात चमचाभरच भाजी वाढून घ्यायची. त्यावरही आजीने कमी का ऐकवलं होतं? "मूल बघतंय, जरा बरी वाढून घे. आईच अशी, तर पोर काय शिकणार?" मग सून आणखी एक चमचा घ्यायची. निमूट. सून या घरात आली तेव्हापासून मीठ राहतंय असं आजी सगळ्यांना सांगत आली होती. आता तिने नीट आठवून बघितलं. पहिली काही वर्षं बरणी टेबलावर असायची. मधोमध, न चुकता. मीठ राहायला लागलं ते भोपळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

"मावशीला सांगशील?" मुंगीने विचारलं.

"काय सांगू?"

"हेच." मुंगी ताटाकडे बघत होती. "मग मावशी म्हणेल, ताई खोटं वागायची."

*

शनिवारी आजी दोनदा फोनपाशी गेली. सांगणं किती सोपं होतं. अगं, पोर आधीही भाजी खातच नव्हती, तुझी बहीणच खायची, म्हणजे माझ्याकडे येऊन काही बिघडलेलं नाही. एवढ्या एका वाक्यात मुंगी घरात राहिली असती. दुसऱ्यांदा तर घंटाही वाजली, आणि पलीकडून मावशीच्या धाकट्याने फोन उचलून "कोण बोलतंय?" म्हणून विचारलं. आजी म्हणाली, "रॉंग नंबर."

मग ती बाजारात गेली आणि घेवडा घेऊन आली.

रविवारी मावशी आली ती एक मोठी, रिकामी बॅग घेऊन. बॅग तिने दाराशी ठेवली, पण ती इतकी हलकी होती की आपोआप आडवी झाली. मावशीची मान थेट सुनेसारखी होती, मागून बघितलं तर दचकायला व्हावं अशी. मुंगीला जवळ घेऊन तिने तिच्या खांद्यावरचा घसरलेला पट्टा वर केला, तो परत घसरला, आणि तिने आजीकडे बघितलं.

"भाजी कसली आहे, काकू?"

"घेवडा."

मुंगीने आजीकडे बघितलं. आजी भांडी पुसत होती.

बसताना आजी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर गेलीच नाही. मुंगीच्या डाव्या हाताला, भिंतीशी, सुनेच्या खुर्चीत बसली. मावशी समोर. आजीने सगळ्यांना वाढलं. मुंगीच्या ताटात घेवडा घसघशीत वाढला, मावशीला नीट दिसेल असा. मावशीने हात टेबलावर ठेवले आणि ती मुंगीकडे बघत बसली. आजीला ती नजर चांगली ओळखीची होती.

मावशीने एक घास घेतला. आणखी अर्धा घेतला.

"काकू, जरा..."

"अळणी आहे ना? बघ, मीठ राहिलं माझं." आजीने गुडघ्यावर हात ठेवला. "आणतेस का, बाळ? आज हा उठू देत नाहीये. आत फळीवर आहे."

मावशी उठली. उठून क्षणभर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, काही आठवल्यासारखी. मग आत गेली.

बरणी फळीवर नव्हती. आजीने सकाळीच ती वरच्या कप्प्यात, पिठाच्या डब्यामागे सारली होती.

एक, दोन, तीन. आजीने मुंगीचं ताट ओढलं आणि घेवड्याचा पहिला चमचा तोंडात घातला. सात, आठ. दुसरा, तिसरा. शिजताना लक्ष थाऱ्यावर नव्हतं, घेवडा कच्चटच राहिला होता, आणि आजीची कवळी अशा कामासाठी केलेली नव्हती. शिरा दातांखाली नुसत्या इकडून तिकडे फिरत होत्या. तेरा, चौदा. अळणी, हिरवी, गवतासारखी चव. हे तिने पाच वर्षं केलं. श्वास धरून. वरून माझे टोमणे खात. आत डब्यांची झाकणं वाजत होती. वीस. तोंडात आता जागा नव्हती आणि खाली काही उतरत नव्हतं. आजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कशाने, ते बघायला तिला वेळ नव्हता. ताटात अजून सात-आठ तुकडे होते.

आतून आवाज आला, "सापडली."

मुंगीने आजीच्या तोंडाकडे बघितलं. दाराकडे बघितलं. ताटाकडे बघितलं. मग तिने एक मोठा श्वास घेऊन धरला, उरलेला घेवडा मुठीत गोळा केला, आणि सगळा एकदम आपल्या तोंडात कोंबला.

मावशी दारात बरणी घेऊन उभी होती.

ताट स्वच्छ होतं. ताटामागे दोन फुगलेले चेहरे होते, एक म्हातारा, एक कोवळा, दोघींची नजर समोरच्या भिंतीवर. मुंगीने तशाही अवस्थेत ताट उचललं आणि उभं धरून दाखवलं.

मावशी बघत राहिली. ताटाकडे बघितलं, आजी बसली होती त्या खुर्चीकडे बघितलं, हातातल्या बरणीकडे बघितलं. बराच वेळ. मग खाली बसली, झाकण उघडलं आणि चिमूटभर मीठ घेतलं. ते भाजीवर घालायचं मात्र राहून गेलं. ती चिमूट तशीच हवेत राहिली.

"आमच्याकडेही लहानपणी रोज मीठच राहायचं," ती म्हणाली. "बाबा उठायचे आणायला." तिने ती चिमूट परत बरणीत सोडली. "मला कारलं जायचं नाही. ताईलाही नव्हतं आवडत. मी विसरूनच गेले होते बघा."



मावशीने बरणीचं झाकण लावलं आणि ती मुंगीपुढे सरकवली.

"जा, ठेवून ये. जागेवर."

मुंगी बरणी पोटाशी धरून उठली. बोळात तिची पावलं एकदा थांबली, मग पुढे गेली. आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. दाराशी रिकामी बॅग आडवी पडून होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आजी चावत होती. मनातले आकडे काही थांबले नव्हते. सत्तावीस झाले, चाळीस झाले, पन्नास झाले, तरी घास घशाखाली उतरेना.